चित्र फाटलं नाही

हस्त लागला की माझं डोकं तापतं. दुपारभर ऊन जाळतं, संध्याकाळी पश्चिमेला ढगांची उतरंड लागते, आत कुणीतरी जातं ओढल्यासारखी गडगड सुरू होते आणि मग आडवातिडवा पाऊस सुटतो. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत या पावसाचं कुणाला काही नसतं. फार तर दोरीवरचे कपडे आत येतात. परवा असाच सुटला, तेव्हा शेजारचे काका आमच्याकडे क्रिकेट बघत बसले होते. बाहेर विजांचा नुसता थयथयाट, आणि पडद्यावर हिरवंगार मैदान, जराही धक्का न लागलेलं. काका कौतुकाने म्हणाले, "काय सुधारणा झालीय हो! एवढ्या पावसात चित्र फाटत नाही."

मी उठलो आणि टीव्ही बंद केला. मी विजांना घाबरलो असं त्यांना वाटलं. वाटू दे. 'चित्र फाटत नाही' हे वाक्य मी एके काळी पगार घेऊन लिहीत होतो. ते कुणी माझ्यासमोर उच्चारलं की कानशिलं गरम होतात. मी तसा बोलणारा माणूस नाही. घरात, कचेरीत, कुठेही. पण यंदा बोललो, आणि आता लिहूनही टाकतो.

आमच्या घरी रंगीत टीव्ही आला तोही हस्तातच, अठ्ठ्याण्णव साली. मी रजेवर मालवणात आलो होतो. समुद्राला लागून आमची वाडी. खळ्यात, म्हणजे अंगणात, सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास, ओल्या जाळ्यांचा वास आणि त्यात खोक्यातून नुकत्याच काढलेल्या टीव्हीचा तो नवा, औषधी वास. माडाला बांबू बांधला, बांबूला अँटेना. मी वर चढून बांबू फिरवतोय, आई दारात उभी राहून ओरडतेय, "गेला... इला... गेला... अरे, इलेला घालवलंस मेल्या!" आणि बाबा आत पडद्यासमोर मांडी घालून. त्यांनी खिडकीतून फक्त हात बाहेर काढला होता. हात वर म्हणजे चित्र आलं, हात खाली म्हणजे गेलं. मला तेव्हा ती गंमत वाटली. बाबा ओरडत का नव्हते, हे मला फार नंतर कळलं. वरून आलेलं उत्तर त्यांना ऐकू आलं नसतं, म्हणून ते प्रश्नच विचारत नव्हते.

बाबा म्हणजे भिकाजी तांडेल. होडीवरचा शब्द त्यांचा. जायचं की नाही, कुठे जाळं टाकायचं, कधी परतायचं, सगळं तांडेल ठरवणार. उभी हयात डिझेल इंजिनाशेजारी बसून काढली आणि इंजिनाने त्यांचे कान खाल्ले. आधी उजवा, मग डावा. पण बहिऱ्या तांडेलाच्या होडीवर कोण येईल? पुढून खलाशी ओरडला की खडक आहे, आणि मागे सुकाणूवरच्याला ऐकूच आलं नाही, तर? म्हणून ते लपवायचं. होडीवर बाबल लपवायचा. बाबल म्हणजे आमचा शेजारी, बाबांचा लहानपणापासूनचा सोबती, त्यांचा पहिला खलाशी. त्याने दोराची भाषा केली होती. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे वळव. घरात आई लपवायची. बोलताना ती नेहमी त्यांच्या तोंडासमोर येऊन उभी राहायची. आणि बाबा स्वतः टीव्हीचा आवाज बारीक ठेवायचे. अगदी बारीक. मोठा केला तर वाडीला कळेल ना! बहिरा माणूस आवाज कमी करून टीव्ही बघतोय, आणि त्याच्या डोळ्यांतली ती हट्टी एकाग्रता. आता आठवलं की मला त्यांचासुद्धा राग येतो. कसला हा मान, बाबा? कुणासाठी?

देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा मात्र मी बघत असे. गावकार देवाला साकडं घालणार आणि प्रत्येक वाक्याला सगळी वाडी एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणणार. बाबांचा "व्हय म्हाराजा" सगळ्यांच्या एक ठोका मागे पडायचा. ते आजूबाजूची तोंडं बघून म्हणायचे. लोक हसायचे नाहीत. मला वाटायचं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

तर त्या टीव्हीवर मुंग्या यायच्या. मुंग्यांचं वाडीला काही वाटत नसे. पण हस्तात कधी कधी आभाळ स्वच्छ असताना पडद्यावर पांढऱ्या रेघा मारल्या जायच्या, चर्र चर्र, आणि चित्र आडवं फाटायचं. दूर समुद्रावर वीज पडत असली की ती अँटेनाला आधी कळते, माणसाला नंतर. हे शास्त्र मला पुस्तकात शिकायला मिळालं. वाडीने ते टीव्हीपुढे बसून शिकून घेतलं. एखाद्या घरातून हाक यायची, "टीव्ही फाटलो रे!" की किनाऱ्यावर माणसं धावायची, "होडये वर घेवा!" पुढे दुपारभर ऊनच पडलं तर चेष्टा व्हायची. बाबल एकदा म्हणाला, "भिकू, तुझो टीव्ही आणि तुझी सासू, दोघांय उगाच किरकिरतत." पण होडी वर घेतलेली असायची. त्याखेरीज मराठी बातम्यांच्या खाली अक्षरांची पट्टी सरकायची, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये वगैरे. बाबा ती ओठ हलवत वाचायचे. रेघ आणि पट्टी, हे बाबांचे दोन कान.

ते दोन्ही मी कापले. हे इतकं सरळ वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

पुण्यात मी ज्या ठिकाणी नोकरी करत होतो तिथे डिजिटल टीव्हीवर काम चालायचं. डिजिटलची एक खोड अशी की सिग्नल पुरेसा असेतो चित्र लख्ख, आणि जरा कमी पडला की एकदम काळा पडदा. मुंग्या नाहीत, धूसर नाही, काहीच नाही. यावर तोडगा म्हणजे स्केलेबल व्हिडिओ कोडिंग. मी आईला ते नारळाच्या रसावरून समजावलं होतं. चित्र थराथरांनी पाठवायचं. खालचा थर पातळ रसासारखा, तो कसल्याही वाऱ्यापावसात पोचेल असा मजबूत करून पाठवायचा. वरचे थर दाट रसासारखे, हवा चांगली असेल त्याच्यापर्यंत पोचतील, त्याला बारीकसारीक सगळं दिसेल. पाऊस आला की वरचे थर गळतात, खालचा राहतो. चित्र थोडं मऊ होतं, पण तुटत नाही. आई म्हणाली, "म्हणजे पावण्यांक दाट आणि घरच्यांक पाणी." आम्ही दोघं हसलो होतो.

आता खालच्या थरात काय ठेवायचं, यावर आमच्या बैठका व्हायच्या. आवाज ठेवायचा, हे ठरलं. माणसाचा चेहरा ओळखू यावा, हेही ठरलं. पट्टीवरची अक्षरं मात्र त्या मऊ चित्रात शेवयांसारखी व्हायची. कुणीतरी म्हणालं, अक्षरं वेगळी काढून खालच्या थरात घालता येतील, थोडी जागा लागेल, बस्स. साहेब म्हणाले, "आवाज स्पष्ट आहे ना? मग झालं. कोकणात पट्टी वाचतंय कोण?" सगळे हसले.

मीही हसलो.

त्या खोलीत पट्टी वाचणाऱ्या माणसाचा मुलगा मी एकटा होतो. तोंड उघडायला हवं होतं. पण ते उघडलं असतं तर सांगावं लागलं असतं की माझा बाप बहिरा आहे, मासे मारतो, आणि टीव्हीतली अक्षरं वाचून समुद्रात जायचं की नाही ते ठरवतो. मी तिथे 'दिगंबर सर' होतो. अंगाला माशांचा वास येऊ नये म्हणून बैठकीआधी साबणाने दोनदा हात धुणारा. माशांना हात न लावताच! आणि रेघांचं तर विचारूच नका. विजेच्या रेघा हा आमच्या लेखी कचरा. तो कचरा चित्रातून साफ काढून टाकल्याबद्दल माझी पाठ थोपटली गेली. कचरा कशाची खबर देत होता, हे माहीत असूनही मी तो साफ केला, कारण त्यात कौशल्य होतं.

चाचणीसाठी मालवण मीच सुचवलं. डोंगर, माड, खारा वारा, हस्ताचा पाऊस, सिग्नलचे सगळे शत्रू एका जागी. टेकडीवर छोटा प्रक्षेपक बसवला, वाडीतल्या काही घरांना टीव्हीला जोडायचे डबे दिले. पहिला आमच्या घरात. बाबांनी त्यावर नवा रुमाल घातला. येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलावून दाखवायचे, "आमच्या दिगूचो डबो. झिलान केलेलो." हा झील, म्हणजे मुलगा, समोर असला की मात्र एक शब्द नाही. फक्त मी पुण्याला परत निघालो तेव्हा एसटी स्टँडपर्यंत आले, माझी बॅग स्वतः उचलून वर ठेवली आणि बस सुटेपर्यंत खिडकीच्या गजावर हात ठेवून उभे राहिले. मी आत बसून त्यांच्याकडे न बघता घड्याळ बघत होतो.

पुढे जे झालं ते मला बाबलने इस्पितळात सांगितलं, छताकडे बघत. आई वालावलला तिच्या बहिणीकडे गेली होती. घरात बाबा एकटे. बाबल खळ्यात आला आणि बाबांच्या तोंडासमोर उभा राहून म्हणाला, "भिकू, माझो टीव्ही फाटलो रे. नुसत्यो रेघो. आज नको."

बाबा म्हणाले, "तुझो जुनो. तो फाटतलोच. ह्यो बघ, माझ्या झिलाचो. खंय आसा रेघ? दाखय माका."

बाबलने खिडकीतून आत बघितलं. चित्र कसं गुळगुळीत. बातम्या सांगणारी बाई मऊ मऊ, हसऱ्या चेहऱ्याची. खाली पट्टीच्या जागी पांढुरकं काहीतरी सरकत होतं. वरचे थर केव्हाच गळले होते. म्हणजे दूर समुद्रावरच्या विजा सिग्नल कुरतडत होत्या, आणि आमचा डबा ते झाकून ठेवत होता. मुद्दाम. तसाच तो बनवला होता. ती बाई तोंडाने सांगत असणार, जाऊ नका, जाऊ नका. खालच्या थरात आवाज अगदी स्पष्ट होता, आम्हीच तर ठेवला होता! पण बाबांनी तो इतका बारीक केलेला की खळ्यातल्या बाबलच्या धडधाकट कानांनाही लागला नाही.

"दिसता खरा बरा," बाबल म्हणाला.

"चल तर मगे. सगळे घरात बसले तर बांगडो आपल्याकच गावतलो."

होडी परतताना खडपांवर आदळली. बरोबरचे दोघे खलाशी पोहून आले. बाबांना वाडीतल्या लोकांनी दोर टाकून ओढलं. बाबलचा पाय होडी आणि खडकाच्या मधे सापडला. तो आता काठी घेऊन चालतो, पाय मागून ओढत, वाळूत एक लांब रेघ काढत. ती रेघ मला दर खेपेला दिसते.

त्याच संध्याकाळी पुण्यात माझ्यासमोर मालवणचा आलेख होता. सिग्नल घसरला, वरचे थर गळले, खालचा टिकला. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वादळातसुद्धा चित्र फाटलं नाही, दिगंबर!" मी अहवालात तेच लिहिलं. आईचा फोन नंतर आला.

अहवाल मी बदलला नाही. बदलायला हवा होता, हेही कुणाला बोललो नाही. पुढच्या वर्षी नोकरी तेवढी सोडली आणि ती का सोडली याची भलतीच कारणं सांगत फिरलो.

त्या दसऱ्याला देवळात गाऱ्हाणं झालं. बाबा हात जोडून मधे उभे. होडी गेली होती, पण त्याहून मोठं काहीतरी गेलं होतं. रस्त्यात त्यांना 'तांडेल' म्हणून हाक मारणारी माणसं आता नुसतं 'भिकू' म्हणत होती. गावकार अनंतकाकांनी आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! भिकाजीची नजर चुकली. तेका दर्या ओळखूक जमला नाय. बाबलाचो पाय तेच्यापायी गेलो. चूक तेची, आणखी कोणाची नाय. पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळी वाडी म्हणाली. त्या गर्दीत मी होतो. इस्त्रीचा शर्ट घालून. मीसुद्धा म्हणालो. मोठ्याने म्हणालो, गप्प राहिलो असतो तर कुणीतरी बघितलं असतं. आणि मग, एक ठोका मागे, सगळे गप्प झाल्यावर, स्वतःच्या चुकीला एकट्या बाबांचा आवाज, "व्हय म्हाराजा."

तेव्हापासून हा राग. साहेबांवर आहेच, ते अजून कुठल्या कुठल्या परिषदेत तेच चित्र दाखवत असतील. 'कळू न देता खालावणं' हा गुण आहे असं मानणाऱ्या सगळ्या हुशारीवर आहे. काळा पडदा परवडला, तो निदान खोटं बोलत नाही. पण खरा राग त्या हसण्यावर आणि त्या दोन शब्दांवर. आणि त्या रागाला जायला वाट नव्हती, कारण ज्याला सांगायचं तो बहिरा. त्याच्या कानाशी कुजबुजता येत नाही. त्याला सांगायचं तर ओरडावं लागणार, आणि ओरडलं की सगळी वाडी ऐकणार. माझं पाप सांगायला गेलो तर त्यांचं गुपित फुटणार. बरंच होतं ते माझ्या पथ्यावर, नाही का? दोन वर्षं मी बापाच्या बहिरेपणाआड लपलो.

यंदा नारळी पौर्णिमेला घरी गेलो. आई सोलं भिजत घालत होती. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "आये, वाडीसमोर सांगूचा आसा माका. डब्याचा. पण मगे बाबांच्या कानांचा भायर येतला."

तिने हात धुतले. "अरे, ता सगळ्यांक म्हायत आसा. वीस वर्सां म्हायत आसा. लपला असा वाटता ता फकत तुमका दोघांकच."

"मग कोण बोलला कसा नाय?"

"तांडेल तो. तेका कोण कसा बोलात?"

आणि तोच तांडेल देवळात मधे उभा असताना सगळ्यांनी घसा फोडून 'व्हय म्हाराजा' म्हटलं! मला वाडीचाही राग आला. भडकून मी खळ्यात आलो, आणि बाहेर बाबा बसले होते, फाटक्या जाळ्याची गाठ मारत, दुसऱ्याच्या होडीचं जाळं. त्यांनी वर बघितलं आणि नेहमीसारखी भुवई उडवली. काय?

मी बसलो आणि जाळ्याचं दुसरं टोक धरलं.

संध्याकाळी सगळे नारळ घेऊन किनाऱ्यावर जमले. अनंतकाका गाऱ्हाण्याला उभे राहिले तसा मी पुढे झालो. "काकानू, आज मी घालतंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तू? इंजिनेर मां तू? तुका येता?"

"येना नाय. पण घालतंय."

मागून कुणीतरी म्हणालं, "घालूंदे रे, देवाक इंग्लिश येता!" हशा पिकला. मी समुद्राकडे तोंड केलं, मग विचार बदलला आणि बाबांकडे केलं. ते बाबलशेजारी उभे होते. मी जन्मात इतक्या मोठ्याने बोललो नव्हतो.

"बा देवा म्हाराजा! वाडयेत जो डबो इलो तो मिया हाडलेलो. तेच्यात रेघो दिसाक नाय, कारण त्यो मिया काढल्यो! पट्टी वाचूक इली नाय, ती मिया पुसली! माझो बापूस वाचून दर्यात जाता ह्या माका म्हायत होता, आणि मी हसलंय! तेची नजर चुकूक नाय म्हाराजा! जा खोटा होता ता मिया तेका खरा म्हणान दाखयला. बाबलाचो पाय माझ्यापायी गेलो. चूक तांडेलाची नाय. चूक तेच्या झिलाची!"

लाट आली, गेली. अनंतकाका खाली वाळूत बघत होते. 'व्हय' म्हणायचं तर दोन वर्षांपूर्वीचं 'व्हय' खोटं पडत होतं. बाबा एकेका तोंडाकडे बघत होते, डावीकडून उजवीकडे, नेहमीसारखं. सगळी तोंडं मिटलेली. त्यांना काय म्हणावं ते कळेना.

बाबलने काठी वाळूत रोवली. "व्हय म्हाराजा," तो म्हणाला, एकटाच. मग इथून एक, तिथून एक, मग सगळे.

आणि मग, एक ठोका मागे, बाबा.

त्यांना ऐकू गेलं होतं, की त्यांनी नुसती तोंडं बघून म्हटलं, मला कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही. बाबलने स्वतःच्या हातातला नारळ त्यांच्या हातात दिला. "धर रे तांडेला, तुझ्याशिवाय कोण सोडतलो?" त्यांनी तो कपाळाला लावला आणि पाण्यात शिरले.

घरी आलो. राग माझा उतरला नव्हता, अजूनही उतरलेला नाही, म्हणून तर शेजारच्या बिचाऱ्या काकांचा सामना मी बंद केला. माडावरची जुनी अँटेना पुन्हा बांधलेली होती. बाबांनी टीव्ही लावला. मुंग्या होत्या, रेघ नव्हती. मग त्यांनी हात पुढे केला आणि आवाज वाढवला. वाढवत गेले. बातम्या सांगणारी बाई ओरडायला लागली, खिडकीची तावदानं थरथरली, समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

आई कानांवर हात ठेवून आतून धावत आली. "अवो, कमी करा तो! सगळी वाडी आयकता!"

बाबा पडद्याखालची पट्टी वाचत होते. नजर न हलवता म्हणाले, "आयकांदे."